जित्या हाडाची गाठ

परवा नागपुरात जरीपटक्याच्या रस्त्यावर वाळ्याच्या ताट्या आल्या. एक माणूस त्या हातगाडीवर रचून उभा होता आणि गिऱ्हाइकाला वास जावा म्हणून वरून तांब्याने पाणी शिंपडत होता. माझे पाय तिथेच थांबले. लोकांना त्या वासाने थंड वाटतं. मला दरवर्षी गोंधळल्यासारखं होतं. वाळ्याच्या मागोमाग स्पिरिटचा वास येतो, चपडा लाखेचा येतो, दगडाच्या पिठाचा येतो आणि तळहातावर काहीतरी जड ठेवलंय असं वाटत राहतं. त्या उन्हाळ्याला आता दहा वर्षं झाली. मी चौथीपर्यंत शिकले, कधी कोणाला दोन पानांचं पत्रही लिहिलं नाही. पण भाचीची अर्धी कोरी राहिलेली वही घरात पडली होती. वाटलं, लिहून पाहावं. तेव्हा मी केलं ते बरं केलं की वाईट, हे लिहिल्यावर कळलं तर कळेल.

नवरा वारून दोन वर्षं झाली होती आणि मी बापाकडे राहत होते. धरमपेठेच्या पलीकडे एका जुन्या बंगल्यात दगडमाती तपासणारं एक ऑफिस होतं. तिथे उन्हाळ्यापुरती रोजीने बाई हवी होती. काम काय, तर खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी मारायचं. घरी आल्यावर बाने विचारलं, "काय काम आहे वं?" मी म्हटलं, "पाणी माराचं." ते खोटं नव्हतं. पहिले पंधरा दिवस अजिबात खोटं नव्हतं.

मग नर्मदेकडून पेट्या आल्या. ट्रकमधून उतरवल्या तेव्हा चार माणसांना एक पेटी जड होत होती. आत गवत, आणि गवतात पोत्याच्या चिंध्या प्लास्टरमध्ये बुडवून गुंडाळलेले गोळे. मोडक्या पायाला बांधतात तसे. मी दारात बादली घेऊन उभी होते. साहेबांनी एक गोळा कात्रीने कापला आणि आतून लालसर मातीत रुतलेलं हाड बाहेर आलं. हाड ते, शंकाच नव्हती. मी ओळखलं तसं तिथे कोणीही ओळखलं नसेल.

साहेब पुण्याकडचे होते. उंच, जरा वाकलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता टेबलाकडे बघणारे. मीही तशीच असल्यामुळे आमचं बरं जमलं. दोघंही टेबलाकडे बघून बोलायचो. एकदा चपराशी गुलाबरावांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला तो मी सुईने काढला. साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात हलका आहे. हाडं साफ कराल का?" मला नाही म्हणता आलं नाही. मला कोणालाच कधी नाही म्हणता आलेलं नाही.

त्यांनी एक लहान तुकडा दिला आणि सांगितलं, स्वच्छ करा. मी तो मागच्या मोरीवर नेला, चहाच्या शेगडीतली राख घेतली, काथ्या घेतला आणि पितळेच्या तांब्यासारखा लख्ख घासून आणला. साहेबांनी डोक्याला हात लावला. गुलाबराव हसून हसून खाली बसले. "साहेब, आता त्याच्यात वरण वाढून घ्या," म्हणाले. साहेबही हसले, पण मग तो तुकडा त्यांनी बराच वेळ हातात धरला. "अहो, वरची खूणच तर वाचायची असते. कोणी चावलं, कुठे घासलं, पाण्यानं किती लोळवलं. राखेनं ते सगळं गेलं." त्या दिवसापासून मला रंगाचा ब्रश मिळाला, दाभण मिळालं आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतात तसे बारीक आकडे मिळाले. माती खरवडायची, फुंकायची, भेग दिसली की स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख सोडायची. उठून पाणी मारायचं. पुन्हा बसायचं.

ते हाड होतं की दगड? हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. साहेब म्हणायचे, हाड विरून गेलं, त्याच्या जागी दगड भरला, पण आकार कणाकणाने हाडाचाच राहिला. म्हणजे हाड नाहीच. पण मग आकार हाडाचा, भेगा हाडाच्या, आतली जाळी हाडाची. बोट फिरवलं की बोटाला हाडच कळायचं. मी स्वतःला सांगायची, दगड आहे. संध्याकाळी घरी निघताना मी तीन वेळा हात धुवायची. दगड होता तर मी हात का धूत होते?

मी सहा-सात वर्षांची असताना आम्ही खाप्याजवळच्या एका खेड्यात राहायचो. कन्हान नदीच्या काठी गावाची मेलेली जनावरं टाकायची जागा होती. ती ओढून नेणं आमच्या घराकडे होतं. बा कातडं काढायचा आणि मी निंबाच्या सावलीत बसून कावळे हाकायची. बाला बडबड करायची सवय होती. जनावरासमोर बसला की तो मास्तरासारखा बोलायचा. "हे पाह्य, हिचा पाय मोडला होता, मंग जुळला. हिले बिबट्यानं धरलं नाही, हे मेल्यावर कुत्र्यांनी वढलं." मी तिथे जे शिकले ते चौथीतल्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. छप्पनच्या दसऱ्याला बा नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यांत परत आला. सुरी, दोर, सगळं त्याने कन्हानमध्ये टाकलं. "आजपासून मेल्या ढोराले हात लावाचा नाही. ह्या घरातल्या कोनीच नाही." मी त्या घरातलीच होते. त्यानंतर आम्ही नागपूरला आलो, बा गिरणीत लागला. उजव्या मनगटावर त्याच्या एक गाठ होती, त्यामुळे जड उचलताना तो डावा हात पुढे करायचा. पण मेल्या ढोराची गोष्ट त्याने पुन्हा कधी तोंडातून काढली नाही, आणि मीही नाही.

म्हणून पाणी मारायचं काम हे आता खोटं झालं होतं. रोज संध्याकाळी बा विचारायचा, "कसं गेलं वं काम?" मी म्हणायची, "पाणी मारलं."

वैशाखात बाहेर बघवत नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आत ताट्यांतून थंड वारा यायचा आणि सगळी हाडं टेबलावर मांडलेली असायची, जणू कोणाच्या घरी पंगत बसणार आहे. डायनासोर हा शब्द मी तिथेच ऐकला. बहुतेक हाडं एका पाला खाणाऱ्या, हत्तीहून कितीतरी मोठ्या जनावराची होती. आणि थोडीशी, एका खोक्यात मावतील एवढी, दुसऱ्याची. जबड्याचा तुकडा, सहा दात, मांडीचं हाड, पिंढरीचं हाड. हा दुसरा मांस खाणारा. साहेबांचा सगळा जीव ह्या दुसऱ्यात होता. एवढ्याशा हाडांवरून तो कसा जगायचा ते त्यांना काढायचं होतं.

दात मागे वळलेला होता. त्याच्या धारेवर विळ्याच्या दात्यांपेक्षाही बारीक दाते होते, अंगठा फिरवला की कळायचे. साहेब म्हणाले, "मागे वळलाय, म्हणजे तोंडात आलेलं निसटत नाही. चघळायचा नव्हे हा. फाडायचा आणि गिळायचा." एक दिवस त्यांनी मला कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची वडी आणायला सांगितली. घरून आणली. त्यावर त्यांनी एक दात दाबून ओढला. साबणावर एक खोल चर उठली, दोन्ही बाजूंना बारीक रेघा. मग त्यांनी मोठ्या जनावराची बरगडी शेजारी ठेवली. बरगडीवर तशीच चर, तशाच रेघा. कोणी कधी पाहिला नाही असा प्राणी आमच्या घरच्या साबणावर चावून गेला होता.

"म्हणजे ह्यानंच त्याले मारलं ना साहेब?" गुलाबराव म्हणाले.

"खाल्लं, हे नक्की. मारलं की नाही, ते बरगडी सांगत नाही. हाड जेवढं सांगतं तेवढंच लिहायचं, गुलाबराव. पुढचं आपल्या मनातलं असतं."

मग त्यांनी पिंढरीचं हाड मांडीच्या हाडाशेजारी ठेवलं. पळणाऱ्या जनावराची पिंढरी लांब असते, हरणाची पाहा. ह्याची आखूड आणि जाड. हा फार पळणारा नव्हता. मग शिकार कशी करणार? कदाचित करतच नसेल. कदाचित मेलेलं शोधत फिरत असेल.

गुलाबराव चहाचे कप गोळा करत होते. "हात्तिच्या! एवढं मोठं तोंड आन् खाणं मढ्याचं? आमच्या गावात बी होते तसे, मेलेलं खाऊन..." एवढं बोलून त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि ते थांबले. कप उचलून गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना माझं आडनाव माहीत होतं, बस्ती माहीत होती, आणि बोलून झाल्यावर आठवलं होतं. साहेबांना काही कळलं नाही, ते पट्टीने मोजत होते. मी उठले आणि ताट्यांवर पाणी मारलं. नुकतंच मारलं होतं, तरी मारलं.

मला राग आला होता, पण कोणाचा ते समजेना. गुलाबरावांचा? त्या जनावराचा? त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की ह्याने शिकार केलेली असावी. का वाटावं? लाखो, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला एक सरडा, त्याने मारून खाल्लं काय आणि मेलेलं खाल्लं काय, माझं त्यात काय जात होतं? पण मी रोज त्याचे दात पुसताना मनात म्हणायची, सांग ना बाबा, मारलं म्हणून सांग.

त्याच आठवड्यात माझ्याकडे शेपटीचा मणका आला. मोठ्या जनावराचा. त्याच्या एका बाजूला मुठीएवढा फुगीर भाग होता, लाल दगडाने अर्धा झाकलेला. साहेब घाईत होते. "हा चिकटलेला दगड दिसतोय. छिन्नीनं उडवा. शनिवारी फोटो काढायचेत." मी आकड्याने थोडी माती काढली. दगड तिथे संपला आणि फुगीर भाग पुढे तसाच राहिला. त्याच्यावर बोट फिरवलं. मध्ये एक चर आत गेली होती आणि तिच्या दोन्ही काठांनी हाड वर चढून आलं होतं, भाकरीच्या काठासारखं गोल. अशी गाठ मी पाहिली होती. निंबाच्या सावलीत बसून पाहिली होती. पण वीस वर्षं झाली होती आणि बा तेव्हा नेमकं काय म्हणाला होता ते आठवेना.

साहेबांना सांगावं तर ते विचारणार, तुम्हाला कसं कळलं? गुलाबराव दारात असणार. न सांगावं तर शनिवारी छिन्नी माझ्याच हाताने चालवायची. तीन दिवस मी तो मणका टेबलाच्या मागच्या टोकाला सरकवत राहिले. साहेब दुसरं काही मागायचे, मी ते द्यायची. गुरुवारी ते म्हणाले, "बाई, तो मणका राहिला." मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी बा ओसरीवर बसून पंखा हलवत होता. मी भाकरी थापता थापता, पाठ फिरवून विचारलं, "बा, ढोराच्या हाडाले गाठ कशानं येते?"

पंखा थांबला. "काहून?"

"असंच."

"असंच कोनी हाडाचं पुसत नाही. काय करून राहिली तू त्या हापिसात?"

मी सगळं सांगितलं. तव्याकडे बघूनच सांगितलं. भाकरी करपली तरी सांगत राहिले. पेट्या, दाभण, साबण, पिंढरी. गुलाबराव काय म्हणाले ते मात्र गाळलं. मला वाटलं बा आता ओरडेल, उद्यापासून जायचं नाही म्हणेल. त्याने पंखा खाली ठेवला. मग म्हणाला, "मेल्या हाडाले गाठ नाही येत. जित्या हाडाले येते. चावलं, वाचलं, मंग हाड भरून आलं, तं गाठ." थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "छिन्नीनं उडवते म्हणे." आणि मग, "उद्या येतो मी. पाह्यतो."

तो का आला हे मला अजून कळलेलं नाही. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून? मला थांबवायला? की त्याला ते हाड बघायचं होतं? शुक्रवारी त्याने पेटीतले पांढरे कपडे काढले, जे तो वर्षातून दोनदाच घालायचा. भर उन्हात आम्ही दोघं चालत गेलो.

साहेबांनी खुर्ची दिली. बा बसला नाही. हात पाठीमागे बांधून टेबलाशी उभा राहिला. साहेबांनी मणका उचलून त्याच्यापुढे धरला, "घ्या ना हातात." बा म्हणाला, "राहू द्या. इथूनच दिसते." मान वाकवून, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने त्याने पाहिलं.

"हा दगड नोहे साहेब. ह्याले जित्तेपनी चावलं. मांगून चावलं, शेपटीले. हे निसटलं. मंग लय दिवस जगलं, म्हून हाड एवढं भरलं. ते तोडू नका."

साहेबांनी भिंग घेतलं. किती तरी वेळ ते वाकून राहिले. मग त्यांनी दात आणून त्या चरीशेजारी धरला. "म्हणजे तो जिवंत जनावरावर हल्ला करत होता," ते हळूच म्हणाले. पण लगेच त्यांना शंका आली. "पण हा तर पळू शकत नव्हता हो. पिंढरी आखूड."

बाने टेबलावरच्या, पाला खाणाऱ्या जनावराच्या भल्या मोठ्या मांडीच्या हाडाकडे पाहिलं. "ज्याले धराचं थेच एवढं जड, तं ह्याले पळाचं काय काम?"

साहेब हसले. पहिल्यांदाच त्यांनी समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी बरगडी दाखवली. बा म्हणाला, ह्या रेघांना काठ चढलेला नाही, हे मेल्यावरचं खाणं.

"तोच दात आहे. मग तो मारणारा म्हणायचा की मेलेलं खाणारा?"

"भूक लागल्यावर काय भेटलं त्याच्यावर हाय ते," बा म्हणाला.

गुलाबराव चहा घेऊन दारात उभे होते. जे होऊ नये म्हणून मी तीन दिवस मणका सरकवत होते, ते त्यांनी विचारलंच. "तुमाले कसं समजते गा हे सगळं?"

मी टेबलाकडे बघत राहिले. बाचा आवाज नेहमीसारखाच होता. "माह्या बापानं मेली ढोरं वढली, आज्यानं वढली, मी बी वढली. छप्पनपासून सोडलं. काम सोडलं, डोये थोडीच काढून फेकले?"

गुलाबरावांनी ट्रेवरचा पहिला कप बाच्या पुढे धरला. मग साहेबांच्या. मी रिकामा ट्रे आत ठेवून आले तोवर बा निघायला उभा होता.

घरी आल्यावर तो नळावर बसला. "हातावर पाणी टाक," म्हणाला. साबणाची तीच वडी होती. काम झाल्यावर साहेबांनी परत दिली होती, तिच्यावरची चर अजून पुरती झिजली नव्हती. तो कोपरापर्यंत हात घासत राहिला. मी म्हटलं, "बा, तू तं हातच लावला नाही."

"लावला," तो म्हणाला.

कधी? मी समोरच होते. मी ट्रे ठेवायला गेले तेव्हा? की तो त्या दिवसाचं बोलतच नव्हता, कन्हानच्या काठचं बोलत होता? मी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. मी त्याला त्याचं काहीतरी परत दिलं होतं, की त्याने नदीत टाकलेलं उकरून त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं? साहेबांनी त्या दिवशी फार आभार मानले होते. बा पुढे सहा वर्षं जगला, गिरणी सुटली, खोकला लागला, पण त्या दिवसाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. कधी कधी मटण आणलं की ताटातलं हाड मात्र तो उचलून, फिरवून पाहायचा. ते आधी करायचा की नाही, तेही आता मला आठवत नाही. इतका गोंधळ आहे.

नळाखाली साबण निघून गेला तेव्हा ती मनगटावरची गाठ वर आली. मी लहानपणापासून ती पाहत होते आणि कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. "बा, हे कशानं झालं?"

"पडलो होतो," बा म्हणाला. "टाक पाणी."

मी पाणी टाकलं.

साहेबांनी शिकवलं तसं, हाड सांगतं तेवढंच लिहिते. माझ्या बापाच्या उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ होती. ती जित्या हाडाची होती. छप्पनच्या दसऱ्याला त्याने दीक्षा घेतली. त्याच हिवाळ्यात गावात पाटलाचा बैल मेला आणि बा तो ओढायला गेला नाही. संक्रांतीच्या आत आम्ही गाव सोडलं. बैल जुंपलेल्या खाचरात बसलो तेव्हा बाचा उजवा हात आईच्या लुगड्याच्या झोळीत होता. पडलो होतो, असं तो म्हणाला. तेही लिहिते.